मालिकेवरून आलेला विनोदी अ‍ॅनिमेशनपट जोखायचा कसा? (निमित्त: द सिम्प्सन्स मूव्ही)

ओलं_बिस्कीट

फिल्म क्लबात पुढच्या महिन्यात 'द सिम्प्सन्स मूव्ही' (२००७) दाखवून त्यावर चर्चा ठेवली आहे. येणाऱ्यांपैकी निम्मे मालिका कोळून प्यायलेले, उरलेल्यांना होमर हा ग्रीक कवी एवढंच माहीत. अशा चित्रपटांवर दरवेळी ठरलेली दोन वाक्यं ऐकू येतात. "तीन-चार भाग एकाला एक जोडलेत", नाहीतर "मालिकेची मजा नाही". दोन्हींतून कळत काहीच नाही.

तर जाणकारांना विचारायचंय: जोडकाम झालंय की नाही हे बघता बघता ओळखायचं कसं? निकाल मालिकेशी तुलना करून लावायचा की मालिका बाजूला ठेवून? आणि हसू किती आलं याला किती वजन द्यायचं? 'मस्त आहे, बघाच' सोडून काहीही चालेल.

मधलीरांग

आधी साधा हिशेब. मालिकेचा एक भाग जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा, चित्रपट ८७ मिनिटांचा. जवळजवळ चार भागांचा ऐवज. म्हणूनच 'चार भाग जोडले' हे वाक्य आयतं तोंडात येतं, चित्रपट न बघताही म्हणता येतं.

तपासायची रीत अशी. घटना कागदावर एकाखाली एक लिहायच्या आणि दोन घटनांच्या मध्ये 'म्हणून' बसतं की 'आणि मग' एवढंच बसतं ते बघायचं. 'आणि मग' जास्त झाले की जोडकाम. ही कसोटी माझी नाही, 'साउथ पार्क'वाले ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन लेखनाच्या विद्यार्थ्यांना हेच सांगतात.

आता लावून बघा. बर्गरच्या जाहिरातीचं शूटिंग संपतं आणि डुकराला कापायचं ठरतं, म्हणून होमर, म्हणजे सिम्प्सन कुटुंबाचा बाप, ते घरी आणतो. डुक्कर घरी, म्हणून त्याची घाण अंगणातल्या टाकीत साठत जाते. टाकी भरून वाहायला लागते, म्हणून त्याची बायको मार्ज ती रीतसर टाकून ये म्हणते. होमर निमूटपणे कचरा केंद्राच्या रांगेत लागतो, तेवढ्यात फोन येतो की डोनटचं दुकान आरोग्य खात्यानं बंद केलंय आणि डोनट फुकट वाटतायत. म्हणून टाकी थेट तळ्यात. त्या तळ्यात उतरलेल्या खारीला डोळेच डोळे फुटतात, म्हणून ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची) माणसं येतात, म्हणून अख्ख्या गावावर काचेचा घुमट बसतो. इथवर चित्रपटाचा साधारण तिसरा हिस्सा झालेला असतो आणि साखळीत एकही सैल कडी नाही. त्यातही तो डोनटचा फोन नीट बघा. पंधरा-वीस सेकंदांचा मामला, हसून सोडून देण्याजोगा. पण पुढचं सगळं त्यावर टांगलेलं आहे. टीव्हीवर पहिल्या पाच-सात मिनिटांत कुटुंब भलतीकडेच भटकतं आणि खरी गोष्ट नंतर लागते, ही या मालिकेची जुनी खोड. इथे भटकल्यासारखं वाटतं, पण जे दिसलं ते सगळं कामाला येतं.

घोडं अडतं ते कुटुंब गावातून पळून गेल्यावर. जत्रा, लोखंडी गोळ्यातली मोटरसायकल, बक्षिसाचा ट्रक, मग अलास्का. इथे लागोपाठ 'आणि मग' येतात. पण गोळ्यातल्या मोटरसायकलला लगेच फुली मारू नका. शेवटी होमर तीच करामत घुमटाच्या आतल्या बाजूनं करतो, म्हणजे ती पेरणी होती. याच्या उलट अलास्कात ती इन्युइट बाई येते, होमरला साक्षात्कार घडवते आणि निघून जाते. आधी तिचा पत्ता नाही. लेखकांना होमर बदलायला हवा होता आणि गोष्टीत त्याचं कारण सापडत नव्हतं, म्हणून बाहेरून माणूस आणला. होमरची मुलगी लिसा आणि तो आयरिश मुलगा कॉलिन, तीही तशीच लटकती फांदी. एरवी साखळी मजबूत म्हणूनच ही दोन ठिगळं डोळ्यांत येतात.

खडूफळा

मधलीरांग यांनी रचना छान उलगडली आहे. मी तुलनेच्या प्रश्नाकडे वळतो. तुलना करावीच लागते, फक्त 'मालिका' अशा मोघम गोष्टीशी करू नये. त्याच विषयावरचा एक भाग घ्यावा आणि त्याच्याशी करावी.

इथे असा भाग आयता आहे. दुसऱ्या पर्वातला, १ नोव्हेंबर १९९०चा: 'टू कार्स इन एव्हरी गॅरेज अँड थ्री आइज ऑन एव्हरी फिश'. बर्न्सच्या अणुवीज केंद्राजवळच्या पाण्यात होमरच्या मुलाला, बार्टला, तीन डोळ्यांचा मासा सापडतो. चौकशी टाळायला बर्न्स गव्हर्नरपदाला उभा राहतो. मतदानाच्या आदल्या रात्री सिम्प्सनांच्या घरी जेवायला येतो, कॅमेरे लागलेले असतात, आणि मार्ज तोच मासा त्याच्या ताटात वाढते. घास गिळवत नाही, तोंडातून बाहेर येतो, निवडणूक संपली. प्रदूषण, राजकारण, नवरा-बायकोचा वाद, सगळं २२ मिनिटांत आणि निकाल एका ताटात.

चित्रपटात तोच विषय: बहुनेत्री खार, सरकारी यंत्रणा, राष्ट्राध्यक्ष, बॉम्ब. मग हिशोब मांडायचा की चौपट वेळ घेऊन जादा काय मिळालं. पसारा नक्की मिळाला. पण खरी कमाई वेगळी आहे. मासा बर्न्समुळे बिघडला होता. तळं होमरनं स्वतः बिघडवलं, तेही बायकोनं बजावल्यावर. मालिकेत होमरच्या चुकीला विसाव्या मिनिटाला माफी असते, कारण पुढच्या आठवड्यात घर जागेवर हवं. चित्रपटात मार्ज खरंच निघून जाते.

तो प्रसंग चर्चेत थांबवून दाखवा. होमर रिकाम्या घरात येतो, कॅसेट लावतो. मार्ज कॅमेऱ्याकडे बघून बोलते. संगीत दबलेलं, कॅमेरा जवळजवळ हलत नाही, आणि या चित्रपटात कुठेही नाही इतका वेळ विनोद नाही. जूली कॅव्हनरकडून या निरोपाचे शंभरावर टेक घेतले होते आणि ऐकताना ते कळतं. आवाज थकलेला आहे, रडवा नाही. शेवटी ती सांगते की हे मी आपल्या लग्नाच्या टेपवरच रेकॉर्ड केलंय. बोलणं संपतं आणि खालची जुनी टेप उघडी पडते: त्यांचा लग्नातला नाच, जेवढा पुसायचा राहिला तेवढा. टीव्हीच्या भागात एवढं थांबायला जागाच नसते, दहा सेकंदांत कुणीतरी 'डोह!' म्हणायला लागतं.

खलनायकाबाबत मात्र चित्रपट नापास. रस कारगिलला आवाज अल्बर्ट ब्रूक्सचा आहे. हाच माणूस १९९६च्या 'यू ओन्ली मूव्ह ट्वाइस' भागात हँक स्कॉर्पिओ झाला होता, तो एका भागापुरता येऊन अजून लोकांच्या लक्षात आहे. कारगिल नाही राहत. घरचा बर्न्स हातात असताना त्याला नावापुरतं काम दिलं आणि बाहेरचा माणूस आणला. नवख्या प्रेक्षकाला कळावं म्हणून हे केलं असावं. पण नवख्यालाही बर्न्स दोन वाक्यांत कळतो, तो बनवलाच आहे तसा.

रीळ_नंबर_पाच

गोष्टीवर बोलून झालं, आता पडद्याकडे बघू. अ‍ॅनिमेशनचं परीक्षण करताना लोक चित्रावर एक ओळ लिहितात ("अ‍ॅनिमेशन सुरेख"), ती न लिहिली तरी चालेल.

मालिका त्या काळी ४:३ चौकटीत होती, रुंद चौकट आणि एचडी फेब्रुवारी २००९मध्ये आली. चित्रपट मात्र २.३९:१, म्हणजे टीव्हीपेक्षा पावणेदोन पटींहून जास्त रुंद. ही पात्रं त्या जवळजवळ चौकोनी खोक्यासाठी बेतलेली. मार्जचे केस उभे, तिला जवळून दाखवायचं तर एक तर केस कापले जातात, नाहीतर चेहरा लहान होतो आणि दोन्ही बाजू रिकाम्या उरतात. म्हणून प्रश्न असा विचारायचा: त्या रिकाम्या बाजूंचं दिग्दर्शकानं काय केलं?

डेव्हिड सिल्व्हरमननं ठिकठिकाणी त्या भरल्या आहेत. सर्वांत चोख उदाहरण घुमट उतरतानाचं. चर्च आणि मो नावाच्या माणसाचा बार एकाच चौकटीत शेजारी शेजारी. दोन्हीकडची माणसं बाहेर येतात, वर बघतात, घाबरतात. मग चर्चमधले धावत बारमध्ये शिरतात आणि बारमधले चर्चमध्ये. संवाद नाही, कट नाही. टीव्हीच्या चौकटीत या दोन इमारती आणि दोन गर्दी एकत्र मावल्या नसत्या. दोन शॉट करावे लागले असते, आणि दोन शॉट केले की हा विनोद मेला. याला म्हणायचं मोठ्या पडद्याचा विनोद. मशाली घेऊन जमाव घरावर येतो तिथेही तेच. मालिकेतली कितीतरी पात्रं एका ठिकाणी जमवली आहेत. थांबवून बघा, ओळखीचे चेहरे मागच्या रांगेपर्यंत आहेत.

दुसरं, सावल्या. मालिकेत पात्रांवर सपाट रंग असतो, चित्रपटात अंगावर छायेचा एक थर आहे. सगळीकडे सारखाच फासला तर तो नुसता महागडा दिसतो. रात्रीच्या, मशालींच्या दृश्यांत तो काम करतो. स्वयंपाकघरातल्या साध्या गप्पांत माझ्या मते नको होता. होमर सपाट असण्यातच अर्धी गंमत आहे.

करून बघण्याजोगं: कुठलीही दहा मिनिटं आवाज बंद करून लावा. जेवढं हसू येईल तेवढं अ‍ॅनिमेशनचं, बाकीचं संवादलेखनाचं. या चित्रपटाला अकरा लेखक आहेत, त्यामुळे वाक्यं तासून तासून धारदार झालीत, आवाज बंद केला की काही दृश्यं अगदीच बसकी निघतात. चर्च-बार मात्र तसाच चालतो.

अजून एक, हे परीक्षणांत कुणी लिहीत नाही. थिएटरसाठी विनोदी चित्रपट कापताना मोठ्या हशानंतर थोडी मोकळी जागा ठेवावी लागते, नाहीतर पुढचं वाक्य हशात बुडतं. मालिका घरातल्या दोघाचौघांसाठी कापलेली असते, तिथे अशी जागा लागत नाही. तोच चित्रपट घरी एकट्यानं बघितला की त्या जागा खड्ड्यांसारख्या लागतात आणि 'मालिकेपेक्षा संथ वाटला' असं मत होतं. तेव्हा क्लबात सगळ्यांनी एकत्र बघा, आधी घरी बघून येऊ नका म्हणावं. आणि कृपया मध्यंतर ठेवू नका. ८७ मिनिटांना लागत नाही. मध्ये चहा आला की नेमका अलास्काचा ढिला भाग आणखी ढिला होतो.

फेरफटका

मंडळी, थोडा विरोध नोंदवतो. 'मोठा पडदा, मोठी किंमत' हे सगळं मान्य, पण याच नादानं हा प्रकार बिघडतो. मालिका घरगुती, आणि चित्रपट आला की गाव बुडणार, बॉम्ब फुटणार, जग वाचवायचं. सिम्प्सन्सचा शेवट बॉम्बवर जातो आणि त्या वेळात एक घड्याळ टिकटिकत असतं, जे कुठल्याही मारधाडपटात टिकटिकलं असतं.

माझी कसोटी उलटी आहे: पात्राला हवंय काय, आणि ते मालिकेतल्याइतकंच लहान राहिलंय का? 'बीव्हिस अँड बटहेड डू अमेरिका' (१९९६) बघा. दोघं झोपेतून उठतात, टीव्ही चोरीला गेलाय. संपला विषय. त्यामागे अमेरिका पालथी घालतात, सरकारी यंत्रणा मागे लागते, पण शेवटपर्यंत त्यांना टीव्हीच हवाय. ८१ मिनिटांत एकदाही शहाणे होत नाहीत. 'स्पंजबॉब'चा पहिला चित्रपट (२००४): मूळ मालिकेचे भाग अकरा-अकरा मिनिटांचे, म्हणजे ताणायला सर्वांत अवघड. पण सगळं सुरू होतं नव्या हॉटेलच्या मॅनेजरची जागा मिळाली नाही यावरून. 'द बॉब्ज बर्गर्स मूव्ही' (२०२२) तर कर्जाचा हप्ता आठवड्यात भरायचा आणि नेमका दुकानासमोर रस्ता खचलाय, यावर १०२ मिनिटं उभी करतो. पुढे खून वगैरे येतो, पण बॉबच्या डोक्यात हप्ताच असतो.

उलट टोक आपल्याकडच्या पोरासोरांनाही पाठ आहे. डोरेमॉनचे चित्रपट १९८०पासून येतात. टीव्हीवर जियान नोबिताला बदडतो, चित्रपटात तोच जीव धोक्यात घालून मित्राला वाचवतो. जपानात 'चित्रपटातला जियान' ही थट्टेची गोष्टच होऊन बसलीय. आता हे व्यक्तिरेखेचं वाढणं मानायचं की चित्रपटासाठी केलेली रंगसफेदी? दरवर्षी चित्रपटात सुधारतो आणि टीव्हीवर पुन्हा बदडायला लागतो, म्हणजे काय ते समजा.

तोच प्रश्न होमरला लावा. चित्रपटाच्या शेवटी सुधारला. पुढे?

खडूफळा

फेरफटका, मुद्दा चांगला काढलात, पण होमरला काय हवंय ते तुम्ही नीट बघितलं नाही. डोनट हवाय हो! गाव बुडतं ते एका डोनटपायी. कारण लहानच आहे, परिणाम मोठा. बॉम्बबद्दल मात्र तुमच्याशी सहमत, तो नसता तरी चाललं असतं, गावाचा रागच पुरेसा होता.

'पुढे?'चं उत्तर मालिकेनं दिलेलं आहे. चित्रपट जुलै २००७मध्ये आला. २३ सप्टेंबरला एकोणिसावं पर्व सुरू झालं, त्याच्या सुरुवातीच्या शीर्षकदृश्यात गाव अजून पडझडीतून सावरतंय, डुक्करही दिसतं. तेवढं एक दृश्य झालं, की गाडी मूळ रुळावर. एका ओळीची पावती दिली आणि खातं बंद.

ओलं_बिस्कीट

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका उरल्या. मालिका न बघितलेल्यांना आधी एखादा भाग दाखवावा का? आणि जुन्या संदर्भांचे विनोद, म्हणजे ज्यावर जुने लोक खो-खो हसतील आणि बाकीचे एकमेकांकडे बघतील, त्यांचे गुण कापायचे की द्यायचे?

मधलीरांग

आधी काही दाखवू नका. ज्या चित्रपटाला अभ्यासक्रम लागतो तो तिथेच अर्धा पडला. हा चित्रपट पहिल्या काही मिनिटांतच स्वतःची ओळख करून देतो: कुटुंब थिएटरात बसून 'इची अँड स्क्रॅची' (मालिकेतलंच एक कार्टून) बघतंय, होमर उठून म्हणतो की घरी फुकट दिसतं त्याला पैसे मोजणारे सगळे मूर्ख, आणि बोट थेट आपल्याकडे. मालिका माहीत असो नसो, टोला बसतो. फळ्यावर बार्ट लिहितो की मी हा चित्रपट बेकायदा डाउनलोड करणार नाही. दर भागात फळा असतो हे ठाऊक नसलेल्यालाही वाक्य कळतं.

जुन्या संदर्भांची कसोटी हीच. न कळणाऱ्याला तिथे काहीतरी हुकल्याची जाणीव झाली, तर गुण कापा. कळलेल्याला जादा मिळालं आणि न कळलेल्याचं काही अडलं नाही, तर द्या. नमुना दरीवरच्या उडीचा. होमर-बार्ट मोटरसायकलवरून स्प्रिंगफील्डची दरी ओलांडतात, तिथे झाडाला धडकलेली एक जुनाट रुग्णवाहिका उभी असते. ६ डिसेंबर १९९०च्या 'बार्ट द डेअरडेव्हिल'मध्ये होमर त्याच दरीत पडला होता, त्याला घेऊन निघालेली रुग्णवाहिका झाडावर आदळली आणि तो पुन्हा दरीत. जवळजवळ सतरा वर्षं ती तिथेच! जुना प्रेक्षक खुर्चीतून उठतो. नव्याला एक मोडकी गाडी दिसते आणि उडी बघण्यात तो गर्क असतो. कुणी थांबून "ही तीच बरं का" म्हणत नाही.

चर्चेच्या आधी नको, नंतर मात्र वेळ उरला तर हा भाग आणि खडूफळांनी सांगितलेला माशाचा भाग लावा. दोन्ही मिळून पाऊण तास.

गुणांचं म्हणाल तर दहापैकी मी असे धरतो: साखळीला तीन, पात्राला चुकीची खरी किंमत मोजावी लागते का याला तीन, पडद्याच्या वापराला दोन, हसण्याला दोन. या हिशोबानं माझे साडेसहा: साखळीचे अडीच, मार्जच्या कॅसेटसकट किमतीचे दोन, पडद्याचे एक, हसण्याचा एक.

फेरफटका

विनोदी चित्रपटात हसण्याला दहापैकी दोन? अहो, मग तो कशाला बघायचा, हिशोबाची वही बघू. मी निम्मे हसण्याला ठेवीन. फक्त मोजायची वेळ बदला. बघताना नको, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला आठवतील ते विनोद लिहायला सांगा. पाचाहून अधिक आठवले तर पूर्ण गुण. डुक्कर छतावरून चालवत होमर जे गाणं म्हणतो ते धरू नका, ते कुणालाही आठवतंच.

रीळ_नंबर_पाच

पडद्याला एकच? चर्च-बारचे एकट्याचेच दोन देतो मी. असो.

कामाची सूचना: नामावली सुरू झाली की दिवे लावू नका. हान्स झिमरच्या संगीताखाली ते डुकराचं गाणं गंभीर समूहगायनात येतं, सिम्प्सन कुटुंब थिएटरात बसलेलं दिसतं आणि तान्ही मॅगी तोंडातली चोखणी काढून एक शब्द बोलते. निम्मा क्लब तोवर चपला शोधत असतो. चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की काळा पडदा येईपर्यंत प्रोजेक्टर बंद करायचा नाही.